ती बाई चांगली उतरलीय

१

मी कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेतात, ते माप आमच्याकडे येतं, आम्ही त्यात प्लास्टर ओततो, मेणावर एकेक दात बसवतो आणि तयार कवळी डबीत घालून परत पाठवतो. ज्याच्यासाठी ती बनवली तो माणूस मला कधी दिसत नाही. त्याची टाळू मला पाठ असते, चेहरा नाही. कवळी टोचली तर डॉक्टरांचा फोन येतो. नीट बसली तर कुणी काही कळवत नाही. आमच्या धंद्यात गप्प राहणं हीच शाबासकी.

गोष्टींचं तसं नाही. मी गेली बरीच वर्षं कथा लिहिते. हौस म्हणून. छापून आलेलं काही नाही. लग्नाचं जमलं नाही आणि नंतर मी ते जमवलंही नाही, त्यामुळे संध्याकाळ माझीच असते. मोबाइलवर हौशी लोकांच्या कथांचं एक अ‍ॅप आहे, तिथे मी कथा टाकते आणि खाली लिहिते, ‘कशी वाटली ते नक्की कळवा.’ मग दर थोड्या वेळाने फोन उचलून बघते. कुणी काही म्हटलंय का. बहुतेक वेळा नसतंच. एखादा अंगठा, एखादं ‘छान’. त्या ‘छान’वर मी दोन दिवस काढलेले आहेत.

लोक हसतात याला. लिहा की स्वतःसाठी, म्हणतात. पण स्वतःसाठी कोण गोष्ट सांगतं? लहानपणी बाबा मला गोष्ट सांगायचे तेव्हा मध्येमध्ये हुंकार द्यावाच लागायचा. नाही दिला की ते थांबायचे. म्हणायचे, “ठमे, हुंकार दे. नाहीतर मला कसं कळणार मी कुणाला सांगतोय ते?”

२

आमचा तिघांचा एक गट होता. सुट्टीच्या दिवशी दुपारी वकीलकाकांच्या ऑफिसात जमायचं, नवीन लिहिलेलं एकमेकांना द्यायचं आणि तोंडावर मत सांगायचं. वकीलकाका कोर्टातून निवृत्त झाले होते आणि कोर्टाच्याच कथा लिहायचे, ज्यात निकाल कधी लागत नसे. तिसऱ्या सिस्टर. मोठ्या दवाखान्यात नर्स. त्या प्रेमकथा लिहायच्या आणि मत देताना इंजेक्शन दिल्यासारखं द्यायच्या, झटकन आणि खोल.

त्या दिवशी मी एका रंगाऱ्याची कथा नेली होती. एक रंगारी रिकाम्या फ्लॅटला रंग देतोय. एकटाच. दिवसभर तो भिंतीशी बोलतो आणि संध्याकाळी कुलूप लावून जातो. बस, एवढंच. कथेत दुसरं माणूस नाही. तीच तर कथेची गंमत होती, असं मला वाटत होतं.

दोघांनी वाचली. वकीलकाकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“रंगारी ठीक आहे,” ते म्हणाले. “पण ती बाई! ती बाई चांगली उतरलीय.”

“कुठली बाई?”

“अहो, ती दाराशी येऊन उभी राहते ती.”

मला वाटलं, काकांचं वय झालं. कुणा दुसऱ्याची कथा डोक्यात असेल. मी सिस्टरांकडे बघितलं. सिस्टर कधी कौतुक करत नाहीत.

“माझ्या अंगावर काटा आला,” सिस्टर म्हणाल्या. “हात पुसत पुसत विचारते ना, ‘झालं का?’ एवढंच. आणि हा मागे वळून बघतच नाही. तुम्ही इतकी वर्षं का लपवून ठेवलं होतंत हो हे?”

दोघांनी मिळून माझी थट्टा करायचं ठरवलं असेल, तर सिस्टरांच्या डोळ्यांत पाणी कशाला असतं?

मी खरं ते सांगायला तोंड उघडलं होतं. देवाशपथ. पण इतक्या वर्षांत त्या टेबलाशी माझ्या लिहिण्याबद्दल कुणी अशा आवाजात बोललं नव्हतं. काका माझा कागद दोन्ही हातांत धरून बसले होते.

“थँक यू,” मी म्हटलं.

३

घरी येऊन कथा पुन्हा वाचली. मग शेवटाकडून उलटी वाचली. बाई नव्हती. ‘झालं का’ हे दोन शब्द शोधले, तेही नव्हते.

माणूस स्वतःची चूक वाचू शकत नाही, हे मला माहीत आहे. आपण ‘पाणी’ऐवजी ‘पणी’ लिहिलेलं असतं आणि डोळा तिथे ‘पाणी’च बघतो. तसलंच काहीतरी, मी म्हटलं. डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, या वयात एवढी चांगली नजर कमी जणांची असते.

मग मी कथा कामावर नेली. आमच्याकडे प्लास्टर ओतणारे मामा आहेत. त्यांना कथांशी काही देणंघेणं नाही, म्हणजे खोटं बोलायचं कारणही नाही. दुपारी डबे खाऊन झाल्यावर त्यांना म्हटलं, “मामा, जरा वाचून बघता का?”

मामा बोट ठेवून वाचतात. नखांत पांढरं प्लास्टर अडकलेलं ते बोट पहिल्या ओळीवरून निघालं, दुसऱ्या ओळीवर आलं. मी शेजारी बसून बोटाकडे बघत होते. मधल्या परिच्छेदाशी, जिथे रंगारी शिडीवरून खाली उतरतो, तिथे ओळ संपली. बोट थांबलं नाही. ते कागदाच्या कडेच्या कोऱ्या पट्टीवर गेलं आणि तिथे, जिथे काहीच छापलेलं नव्हतं, तिथे वरून खाली सावकाश सरकत राहिलं. मामांचे ओठ हलत होते. कोपऱ्याच्या टोकाशी पोचल्यावर ते जरासे हसले. मग बोट परत आत आलं आणि पुढची ओळ धरली.

“मामा,” मी विचारलं, “इथे काय वाचलंत तुम्ही?”

“कुठे?”

मी कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

मामांनी माझ्याकडे असं बघितलं जसं आपण ताप आलेल्या माणसाकडे बघतो. “तुम्हीच लिहिलंय आणि मलाच विचारताय? चांगली आहे की बाई. थोडी तुमच्या वळणाने बोलते.”

पॉलिशची मोटर सुरू झाली आणि ते उठून गेले.

४

खरं सांगायचं तर मी तेव्हाच थांबायला हवं होतं. पण अ‍ॅपवर ती कथा टाकली आणि फोन वाजायचा थांबेना. अनोळखी माणसं लांबलचक लिहीत होती. सगळं बाईबद्दल. ‘तिला अजून आणा.’ ‘ती कोण ते सांगू नका, पण परत येऊ दे.’ रंगाऱ्याचं नाव कुणी काढत नव्हतं. मी प्रत्येकाला हात जोडलेलं चित्र पाठवत होते. चोरीचा दागिना घालून लग्नात मिरवावं तसं वाटायचं, आणि तरी मिरवायचं सुटत नव्हतं.

पुढची कथा मी मुद्दाम अशी लिहिली की तिला उभं राहायला जागा राहू नये. एक माणूस लिफ्टमध्ये अडकतो. दार बंद, दिवा गेलेला, आत एकट्याचा श्वास. बस.

“ह्यात ती फार जवळ आलीय,” वाचून झाल्यावर सिस्टर म्हणाल्या.

मी विचार करून ठेवलेला होता. लेखकाने विचारायला काही हरकत नसते. “वाचकाला ती कशी दिसते हे मला बघायचंय,” मी म्हटलं. “तुमच्या शब्दांत सांगा ना. कशी आहे ती?”

“साधीच. घरातली असते तशी.” सिस्टर म्हणाल्या. “तुम्ही वर्णन कुठे केलंय? पण तिचे हात सारखे ओले असतात, कामातून उठून आल्यासारखे. आणि तिला घाई नसते. तेच वाईट वाटतं. कुणाचं तरी संपायची वाट बघत असल्यासारखी उभी असते.”

“कुणाचं? काय संपायची?”

“आता ते मी सांगू?” सिस्टर हसल्या.

काका हसले नाहीत. त्यांनी हळूच विचारलं, “ही तुमच्या ओळखीतली आहे का कुणी?”

५

माझ्या घरी मी आणि बाबा. बाबा जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. लोकांच्या बोलण्याच्या मधोमध बसून त्यांचं आयुष्य गेलं. नंतर काचबिंदूने दृष्टी गेली, पण कान असे की खालच्या मजल्यावर कुणी चप्पल काढली तरी सांगतील कोण ते. माझी प्रत्येक कथा मी त्यांना वाचून दाखवायची. ते खिडकीशी आपल्या खुर्चीत बसायचे, समोरच्या वेताच्या खुर्चीत मी. ते हुंकार द्यायचे आणि शेवटी नेहमी एकच म्हणायचे, “बरी आहे. पण तू घाईत संपवलीस.”

लिफ्टची कथा मी त्यांना वाचून दाखवली आणि वाचताना फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवलं. कागदावर माझी नजर कदाचित फसत असेल. कान तरी फसणार नाहीत.

अथपासून इतिपर्यंत मी न थांबता वाचलं. बाबा मध्येमध्ये हसले. शेवटी म्हणाले, “ही मात्र छान जमली. या वेळी घाई केली नाहीस.”

दुसऱ्या दिवशी कामावर, जेवणाच्या सुट्टीत, मागच्या खोलीत प्लास्टरच्या पोत्यांवर बसून मी ते ऐकलं. माझा आवाज वाचत होता. लिफ्ट थांबली, दिवा गेला. आणि मग माझा आवाज बंद झाला. नुसता पंख्याचा आवाज.

“हं,” बाबा म्हणाले.

शांतता.

“हं... बरं.”

पुन्हा शांतता, आधीपेक्षा लांब. पंख्याच्या आवाजात दुसरं काही आहे का ते ऐकायला मी फोन कानावर दाबून धरला. काही नव्हतं. बाबा खुदकन हसले, एखाद्या चांगल्या वाक्याला हसावं तसं, आणि म्हणाले, “मग?”

मी वाचताना कुठेच थांबले नव्हते. मला पक्कं आठवतंय. की थांबले होते? माणसाला स्वतःचं गप्प राहणं आठवतं का?

मग माझा आवाज परत सुरू झाला. जिथे सोडलं होतं त्याच्या पुढच्याच शब्दापासून.

६

मी एक शहाणपणा केला. निदान तेव्हा तो शहाणपणा वाटला. म्हटलं, ही न लिहिता येते ना? मग मीच तिला लिहीन. एकदा मी लिहिली की ती माझी होईल. तिने कधी यायचं, कधी जायचं, ते मी ठरवीन.

म्हणून कथा लिहिली. एका घराच्या दाराशी एक बाई उभी आहे. तिचे हात ओले आहेत. ती विचारते, “झालं का?” मी तिला नाक दिलं, डोळे दिले, माहेर दिलं, दुखणारा गुडघा दिला. शेवटी तिला जिन्यावरून खाली उतरवून रस्त्याच्या गर्दीत पाठवून दिलं. लिहून झाल्यावर मला गाढ झोप लागली.

ते कागद घेऊन मी वकीलकाकांच्या ऑफिसात गेले. बाहेर लख्ख ऊन होतं. खाली कुणीतरी लोखंडी कपाट फुटपाथवरून ओढत नेत होतं. दोघांनी वाचायला घेतलं आणि मी त्यांच्या चेहऱ्यांकडे बघत बसले. ती सवय वाईट असते, पण सगळ्या लिहिणाऱ्यांना असते.

पहिल्या पानावर काका मान डोलावत होते. दुसऱ्या पानावर मान थांबली. सिस्टरांनी वाचता वाचता खुर्ची जराशी मागे घेतली, कागदापासून लांब व्हावं तशी. मग त्यांनी पान उलटं करून टेबलावर ठेवलं आणि त्यावर पाण्याचा ग्लास ठेवला.

“काय झालं?”

“तुम्ही हे लिहायला नको होतं,” सिस्टर म्हणाल्या.

“पण काय चुकलं ते तर सांगा. त्यासाठीच तर आपण जमतो.”

काका उठले आणि त्यांनी दोन्ही खिडक्या उघडल्या. “ही जी तुम्ही लिहिलीय ना,” ते म्हणाले, “गुडघा दुखणारी. हिला बिचारीला कळतच नाही की मागे... त्या दुसरीने हिच्याकडे असं बघायला नको होतं.”

“दुसरी कोण? काका, मी एकच बाई लिहिलीय.”

सिस्टरांनी पर्स उचलली. निघताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. दवाखान्यात नातेवाइकांच्या खांद्यावर ठेवत असतील तसाच. “बाबांना एकटं सोडू नका,” त्या म्हणाल्या. का, ते विचारायचं मला धाडस झालं नाही. त्यांनीही ते चुकून तोंडातून निघून गेल्यासारखा चेहरा केला.

काकांनी कागद मला परत दिले. आधीच्या कथा ते कपाटात जपून ठेवायचे. “हे तुमच्याकडेच असू द्या,” ते म्हणाले. त्यानंतर आम्ही जमलो नाही. ठरवून बंद केलं असंही नाही. कुणी फोनच केला नाही.

७

मी लिहिणं सोडलं. अ‍ॅप काढून टाकलं. कागद फाडले. सुरुवातीला हात शिवशिवायचे, मग त्याचीही सवय झाली. कामावर जायचं, घरी यायचं, बाबांना बातम्या वाचून दाखवायच्या. घर अगदी पहिल्यासारखं झालं. मी मनाशी म्हटलं, काही नव्हतंच. काही माणसांना एक भास झाला आणि मला त्यांच्या कौतुकाची हाव सुटली, म्हणून तो मोठा झाला.

एक दिवस कामावर वीज गेली म्हणून दुपारीच सोडलं. जिना चढताना बाबांचा आवाज आला.

“हं.”

मी थांबले.

“हं... हो, बरोबर आहे.”

रेडिओ असेल. फोन असेल. मी किल्लीने दार उघडलं. बाबा खिडकीशी आपल्या खुर्चीत बसले होते, जरा पुढे वाकून, हनुवटी काठीच्या मुठीवर टेकून. रेडिओ बंद होता. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लावलेला होता. त्यांचं तोंड समोरच्या वेताच्या खुर्चीकडे होतं.

“कोण आलं? ठमी का?” ते म्हणाले. “थांब जरा. हिचं संपू दे.”

मी दारातच उभी राहिले. खुर्ची रिकामी होती. उन्हाचा पट्टा तिच्यावर सरळ पडला होता, त्यामुळे चुकायला वावच नव्हता. वेताची बैठक खाली गेलेली होती. वेत जुना झाला की कायमचा खोलगट होतो, तशी नव्हे. ती ताणलेली होती.

“बाबा,” माझा आवाज मला ओळखू येईना. “कोण आहे?”

“तुझी मैत्रीण. रोज येते की. तू सांगितलं नाहीस कधी, पण ही छान सांगते हो. तुझ्यापेक्षा जरा बरीच, राग मानू नकोस.” ते हसले. “एका म्हाताऱ्याची आणि त्याच्या मुलीची गोष्ट आहे. सगळं जमलंय, शेवट तेवढा अडलाय. दोघांतलं कुणीतरी जातं, पण कुणी जावं हे तिला ठरवता येत नाहीये. म्हणून विचारत होती, तुम्हाला काय वाटतं.”

मी खोली ओलांडून गेले आणि बाबांचा दंड धरला. “काही सांगू नका. तुम्ही तिला काही सांगू नका.”

“अगं, सांगितलं की मघाशी. कुणी आपुलकीने मत विचारलं तर सांगू नये का? तूच तर इतकी वर्षं म्हणत आलीस, मनापासून सांगा.”

“काय सांगितलंत?”

बाबांनी माझ्या हातावर थोपटलं. डोळे गेलेली माणसं बघतात तसं माझ्या कानाच्या जरा बाजूला बघत ते म्हणाले, “ऐकणाऱ्याने शेवट फोडू नये.”

मागे करकर आवाज झाला. मी वळले. उन्हात वेताची बैठक हळूहळू वर येत होती.

८

मी रजा घेतली. वेताची खुर्ची खाली नेऊन भंगारवाल्याला देऊन टाकली. बाबांना आंघोळीपुरतंही एकटं सोडत नव्हते, त्यावरून ते चिडायचे. बाकी त्यांना काही झालेलं नव्हतं. डॉक्टरांनी तपासलं, रक्त तपासलं, म्हणाले, ह्यांना काही होत नाही, तुम्हीच जरा झोप काढा. समोर आता रिकामी फरशी होती आणि बाबा तिच्याकडे तोंड करून बसत नव्हते. ते खिडकीकडे कान करून रस्ता ऐकायचे. असे दिवस जात राहिले आणि मला वाटायला लागलं की आपण वेळेवर पोचलो.

त्या सकाळी नाश्ता झाल्यावर ते खुर्चीत बसले आणि मी स्वयंपाकघरात भाजी चिरायला घेतली. मधलं दार उघडं होतं. तिथून त्यांची पाठ आणि खुर्चीच्या हातावरचा हात दिसत होता. घर फार गप्प होऊ नये म्हणून मी बोलत होते. गोष्ट अशी नाही, आपलं कामावरचं काहीबाही. मामांनी प्लास्टरमध्ये चुकून खडूची पावडर कालवली ते, नव्या डॉक्टरांना फोनवर माझा आवाज पुरुषाचा वाटतो ते.

“हं,” बाबा म्हणत होते. “हं.”

हुंकार अगदी जागच्या जागी पडत होते. मला रंग चढला. किती दिवसांनी असं सांगायला मिळत होतं. मी आवाज बदलत होते, थांबत होते, मुद्दाम ताणत होते आणि प्रत्येक वेळी नेमक्या क्षणी मागून “हं” यायचं. मी एका म्हाताऱ्याची खरीच घडलेली हकीकत काढली. त्याची डबी दुसऱ्याच कुणाच्या डबीशी बदलली गेली आणि हा परक्याची कवळी तोंडात घालून घरी गेला. ती बसलीसुद्धा झकास. फक्त आवाज बदलला. सोफ्यावर बसून तो बायकोला म्हणाला, “अगं, चहा टाक.” आणि बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, “कोण आलंय?”

तेवढ्यात माझाच चहा उतू जायला आला. “थांबा, पुढचं सांगते,” म्हणून मी गॅस बंद केला, दोन कप भरले आणि बाहेर नेले.

बाबांचा हात मी कप द्यायला म्हणून धरला. तो फरशीसारखा गार होता. बोटं उघडेनात.

डॉक्टर आले. त्यांनी फार वेळ घेतला नाही. “बराच वेळ झालाय,” ते म्हणाले. “नाश्त्यानंतर लगेचच असणार. झोपेतच.”

“नाही,” मी म्हटलं. “आत्ता बोलत होतो आम्ही. आत्ता, चहा आणायच्या आधी.”

डॉक्टर वयाने लहान होते, पण चांगले होते. “होतं असं,” ते म्हणाले. “माणसाची सवय असते कानाला.”

मी मान हलवली. त्यांच्याशी काय वाद घालायचा? सिस्टर आल्या, काका आले, दोघं बाजूला उभे राहिले आणि माझ्या डोळ्याला डोळा देत नव्हते. खालचे शेजारी आले. ज्याला जे करायचं होतं ते सगळ्यांनी केलं. सगळं आटोपून लोक गेले तेव्हा सूर्य अजून मावळला नव्हता. सिस्टर राहते म्हणाल्या. मी नको म्हटलं.

मी बाबांच्या खुर्चीत बसले. तिथून समोर रिकामी फरशी, बाजूला खिडकी आणि पाठीमागे स्वयंपाकघराचं दार. रडू येत नव्हतं. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की सकाळभर मी जे सांगत होते, इतकं रंगून, ते कुणाला? आणि बाबांनी त्या दिवशी तो शेवट सांगून मुलीला वाचवलं, की तिला हवं असलेलं ऐकणारं माणूस मिळवून दिलं, हे आता मी कुणाला विचारू?

आत, ओट्यापाशी, कुणीतरी हात पुसले. कापडाचा तेवढाच आवाज. घाई नव्हती.

“मग?”

आवाज दाराच्या अलीकडून आला.

मी बोलायला नको होतं. बाहेरचं दार समोर होतं, चपला दाराशी होत्या, मला उठून जाता आलं असतं. पण त्या एका शब्दात जी उत्सुकता होती, तसं मला आयुष्यात कुणी विचारलेलं नाही. छान नाही, अंगठा नाही. पुढचं ऐकल्याशिवाय राहवत नसल्यासारखं.

मी मागे वळून बघितलं नाही. घसा साफ केला.

“मग,” मी म्हटलं, “ती बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली.”